छायाचित्रकाराचे निष्फळ दिवस

खंडेनवमीच्या दिवशीं घरांतील ज्यानें त्यानें आपलें साधन स्वच्छ पुसून देवापुढच्या चौरंगावर आणून ठेवावें, अशी आमच्या घरची जुनी चाल आहे. गांव सुटलें, वाडा सुटला, कळंबोलीस सिडकोच्या वसाहतींत शेजारशेजारच्या दोन सदनिका घेऊन आम्ही दोघे भाऊ राहूं लागलों. पण चाल सुटली नाहीं. यंदाहि चौरंग भरला. माझें जुनें फौंटनपेन व पानें सुटलेली रूपावली, येथील लोखंडबाजारांत हिशेबनीस असलेल्या धाकट्या बंधूंचें गणकयंत्र, भावजयीची विळी, आमच्या सौभाग्यवतींचा शिवणाचा डबा, पुतणीचा लॅपटॉप, सर्व कांहीं मांडलें गेलें. हळदकुंकू वाहतांना माझ्या लक्षांत आलें कीं, पुतण्याचा कॅमेरा तेवढा नाहीं.

"काय रे, तुझें यंत्र कोठें आहे?" मीं विचारलें.

"कपाटांत आहे, काका. यंदा राहूं द्या. सबंध पावसाळ्यांत ज्यानें कांहीं दिलें नाहीं, त्याची पूजा कशाला?"

घर क्षणभर गप्प झालें. भावजयीनें मान खालीं घातली. पुतण्यानें दोन वर्षें नोकरी करून मग ती सोडली आणि छायाचित्रणाचा व्यवसाय पत्करला, तेव्हां कॅमेरा व भिंगें घेण्यासाठीं तिनें आपल्या पाटल्या मोडल्या होत्या. तो कॅमेरा कपाटांत बंद होणें म्हणजे काय, हें घरांत कोणास सांगावयास नको होतें.

फलाशा सोडून कर्म कसें करावें, यावर त्यास चार शब्द सांगावे असें माझ्या मनांत आलें. पस्तीस वर्षें शिक्षकी केलेल्या मनुष्याच्या जिभेवर उपदेश तयारच असतो. परंतु ते शब्द मीं गिळले. कारण तो कॅमेरा कपाटांत जाण्यास माझाहि हात लागला होता, हें मला ठाऊक होतें. ती हकीकत वाचकांपुढें मांडतों. कारण असा एखादा मुलगा किंवा मुलगी आतां पुष्कळ घरांत आहे, आणि माझ्यासारखे वडीलहि पुष्कळ घरांत आहेत.

लग्नें व मुंजी हा पुतण्याचा पोटाचा धंदा. चातुर्मासांत मुहूर्त थांबले कीं तो रानाकडे वळतो. पनवेलच्या दक्षिणेस, मुंबई-गोवा महामार्गावर, कर्नाळ्याचें पक्षी-अभयारण्य आहे; तें १९६८ सालीं स्थापन झालें. तेथील किल्ल्याचा आंगठ्यासारखा सुळका प्रवाशांच्या ओळखीचा आहे. ह्या बाजूच्या ओढ्याकांठच्या रानांत पहिल्या पावसाबरोबर तिबोटी खंड्या नांवाचा पक्षी विणीसाठीं येतो. आकारानें चिमणीएवढाहि नाहीं. चोंच प्रवाळासारखी लाल, पोट पिवळें-नारिंगी, पंख गर्द निळे. बहुतेक खंड्यांच्या पायास चार बोटें असतात, ह्यास तीनच, म्हणून हें नांव. ओढ्याच्या मातीच्या दरडींत आडवें बीळ कोरून तो आंत अंडीं घालतो. ह्या पक्ष्याचें एक चांगलें चित्र आपल्या हातून निघावें, हा पुतण्याचा दोन वर्षांचा ध्यास होता.

यंदा त्याच्या वर्षाची सुरुवातच वाईट झाली. वैशाखांत नात्यांतील एका मुंजीचें काम त्याच्याकडे होतें. मातृभोजनाचीं चित्रें ज्या कार्डावर होतीं तें कार्ड बिघडलें, आणि आई आपल्या बटूस घांस भरवीत आहे तें दृश्य कायमचें नाहींसें झालें. नातलगांनीं पैसे कापले नाहींत. पण जें बोलले तें पैशांहून अधिक लागलें. मग पावसाळा आला. श्रावणांत लागोपाठ दहा दिवस तो पहाटे चार वाजतां मोटारसायकलीवरून निघे, आणि दुपारीं भिजून परत येई. मी गॅलरींत वर्तमानपत्र घेऊन बसलेला असें. रोज माझा एकच प्रश्न, "काय मिळालें?" आणि रोज त्याचें एकच उत्तर, "कांहीं नाहीं." दहाव्या दिवशीं मी हंसत म्हणून गेलों, "दहा दिवस पेट्रोल जाळलेंस, एखादी चिमणी तरी आणायची होतीस!" मी विनोद केला होता. तो हंसला नाहीं. त्याच दिवशीं कॅमेरा कपाटांत गेला.

ह्या कलेंतील निराशा इतर कलांतल्याहून थोडी निराळी आहे, हें मीं तेव्हां ध्यानांत घेतलें नाहीं. आमटी अळणी झाली तर मीठ घालतां येतें, निबंध फसला तर खोडून पुन्हां लिहितां येतो, गवयाचा सूर आज लागला नाहीं तर तोच राग त्याला उद्यां पुन्हां आळवतां येतो. छायाचित्रकाराचा विषय मात्र त्याच्यासाठीं थांबत नाहीं. घांस भरवून झाला, पक्षी उडाला, ढग सरकला, कीं तें दृश्य पुन्हां जुळून येत नाहीं.

शिवाय ही निराशा हल्लीं फार लवकर येते. मुंबईंत छायाचित्रणाची संस्था १८५४ सालीं निघाली, आणि डॉक्टर भाऊ दाजींचे बंधु नारायण दाजी ह्यांच्यासारख्या आपल्या लोकांनीं त्या काळांत ही विद्या हस्तगत केली. तेव्हांच्या ओल्या कांचेच्या रीतींत कांचेवर रासायनिक लेप द्यावा, तो ओला आहे तोंच चित्र घ्यावें, आणि लगोलग अंधाऱ्या जागेंत तें धुवून काढावें लागे. एका चित्रामागें इतका खटाटोप, म्हणून दिवसाकाठीं चित्रें थोडीं आणि अपेक्षाहि बेताची. पुढें छत्तीस चित्रांचें रीळ आलें. तें धुवून येईपर्यंत दोन-चार दिवस जात, आणि तोंपर्यंत उमेद टिकून राही. आतां बटण दाबतांच चित्र यंत्राच्या पाठीवर उमटतें. फसलें हें तत्क्षणीं कळतें, आणि मान खालीं घालून फसलेलें चित्र पाहत असतां समोर जें चाललेलें असतें तेंहि निसटतें. घरीं येऊन मोबाईल उघडावा, तों जगांतील हजार छायाचित्रकारांचा वर्षांतला उत्तम दिवस एकाच संध्याकाळीं डोळ्यांपुढें येतो. आपला एक साधा दिवस त्या हजार उत्तम दिवसांशीं तोलला, तर तो हलका भरणारच.

खंडेनवमीच्या संध्याकाळीं मीं पुतण्यास जवळ बसविलें आणि उपदेशाऐवजीं एक गोष्ट सांगितली. दादासाहेब फाळके म्हटले कीं आपणांस 'राजा हरिश्चंद्र' आठवतो. परंतु त्यांच्या आयुष्याचा आरंभ एका साध्या छायाचित्रकाराचा आहे. १८७० सालीं त्र्यंबकेश्वरीं जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत व नंतर बडोद्याच्या कलाभवनांत शिकले, आणि गोध्र्यास त्यांनीं छायाचित्रें काढण्याचें दुकान घातलें. प्लेगनें पहिली पत्नी व मूल नेलें, गोधरा सुटलें. बडोद्यास पुन्हां दुकान घातलें, तर कॅमेरा माणसाच्या अंगांतील शक्ति ओढून घेतो ह्या समजुतीनें गिऱ्हाईक फिरकेना, असें सांगतात. पुढें पुराणवस्तु-खात्यांत नोकरी केली, ती वंगभंगाच्या चळवळीच्या दिवसांत सोडली. छापखाना काढला, भागीदारांशीं पटलें नाहीं, तोहि सोडला. चाळिशीच्या सुमारास ख्रिस्तचरित्राचा चित्रपट पाहून नवा ध्यास लागला, तर त्या ध्यासापायीं डोळ्यांवर इतका ताण पडला कीं दृष्टि गेली. ती उपचारांनीं परत मिळाली. १९१२ च्या आरंभीं ते विलायतेस जाऊन कॅमेरा घेऊन आले.

आतां भांडवल देणाऱ्यांची खात्री पटवावयाची होती. दादासाहेबांनीं कुंडींत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा रोंवला, आणि महिन्याहून अधिक काळ नेमानें एकेक चौकट घेत राहिले. ह्या चौकटींपैकीं कोणतीहि एक उचलून पाहावी, तर तींत पाहण्यासारखें काय असणार? कालचीच कुंडी, कालचेंच रोप. कोणी वडीलधाऱ्यानें रोज संध्याकाळीं "काय मिळालें?" म्हणून विचारलें असतें, तर त्यांनाहि "कांहीं नाहीं" असेंच म्हणावें लागलें असतें. पण त्या सर्व चौकटी एकापुढें एक फिरविल्या, तेव्हां बीं फुटून रोप डोलत वर येतांना दिसलें, आणि पैसा उभा राहण्याची वाट मोकळी झाली. पत्नी सरस्वतीबाईंनीं अंगावरचे दागिने दिले, आणि पुढें फिल्म धुण्याच्या कामासहि त्यांनीं हात लावला. ३ मे १९१३ रोजीं गिरगांवच्या कॉरोनेशन चित्रगृहांत 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढें आला. दागिन्यांचा उल्लेख आला तेव्हां पुतण्यानें एकदां स्वयंपाकघराकडे पाहिलें, हें माझ्या नजरेंतून सुटलें नाहीं.

येथें थांबलों असतों तर बरें झालें असतें; पण खोड जात नाहीं. मीं निष्फळ दिवसांचे तीन वर्ग पाडून दाखविले. पहिला वर्ग दैवाचा: पक्षी आला नाहीं, ढग हटले नाहींत. येथें मनुष्याचा इलाज नाहीं; हा दिवस सोसावा. दुसरा वर्ग साधनाचा: कार्ड बिघडलें, विजेचा घट संपला, भिंगावर बाष्प धरलें. ह्यास दैव म्हणूं नये. दोन कार्डांवर एकाच वेळीं नोंद होईल असें यंत्र मंगलकार्यांत वापरावें, घट जोडीनें बाळगावे, कार्य आटोपून घरीं येतांच चित्रांची दुसरी प्रत करून ठेवावी. हा दिवस सुधारतां येतो. तिसरा वर्ग मनाचा. कालिदासाच्या 'मालविकाग्निमित्रां'त राजानें मालविकेचें चित्र आधीं पाहिलेलें असतें आणि ती स्वतः मागाहून त्याच्या दृष्टीस पडते. चित्र तिच्या रूपास पुरें पडलें नाहीं असें पाहून तो चित्रकाराचा हात अथवा रंग ह्यांस दोष देत नाहीं. चित्रकाराची समाधि शिथिल झाली होती, असें तो म्हणतो. प्रकाश चांगला, यंत्र चांगलें, पक्षी समोर, आणि आपलें चित्त मात्र उद्यांच्या हप्त्यांत गुंतलेलें, असा दिवस प्रामाणिकपणें कबूल करावा.

लोक घोटाळा करतात तो ह्या वर्गांचा. कार्ड बिघडलें तें दैव म्हणून सोडून देतात, आणि पक्षी आला नाहीं तो आपला नाकर्तेपणा समजून रात्रभर कुढत बसतात. त्यामुळें सुधारण्यासारखें तें सुधारत नाहीं, आणि सोसण्यासारखें तें सोसवत नाहीं.

पुतण्यानें हें सारें शांतपणें ऐकून घेतलें. मग म्हणाला, "काका, माझा तो दहावा दिवस ह्यांतल्या कोणत्या वर्गांत घालायचा?"

मला उत्तर देतां येईना; कारण त्या दिवशीं काय घडलें तें मला माहीतच नव्हतें. मीं विचारलें होतें तें एवढेंच, कीं काय मिळालें.

आमच्या मातोश्री कोपऱ्यांत आरामखुर्चीवर बसल्या होत्या. त्यांनीं नव्वदी ओलांडली आहे. डोळ्यांच्या पडद्याच्या विकारामुळें चार वर्षें झालीं, समोरच्याचा चेहराहि त्यांस ओळखूं येत नाहीं. नातवानें काढलेलें एकहि अलीकडचें चित्र त्यांनीं पाहिलेलें नाहीं. त्या म्हणाल्या, "मला मेलीला तुझीं चित्रं दिसत नाहींत. त्या दिवशीं तूं काय काय पाहिलंस, तें सांग बघूं."

तो उठून त्यांच्या पायाशीं जाऊन बसला आणि सांगूं लागला. त्या दिवशीं ओढ्याच्या एका दरडींत त्याला बीळ सांपडलें होतें. पण त्याच्या आधीं पांच-सहा जण तेथें येऊन उभे होते. चित्र मोकळें यावें म्हणून कोणीतरी बिळावर लोंबणाऱ्या वेली तोडून टाकल्या होत्या. एक जण मोबाईलवर त्याच पक्ष्याचा आवाज पुन्हां पुन्हां वाजवीत होता. इतक्यांत खंड्या आला. चोंचींत सापसुरळी धरून, पंधरा पावलांवरच्या फांदीवर बसला. नेमकी त्याच वेळीं ढगांत फट पडून ऊन आलें.

"इतका सुंदर बसला होता, आजी, कीं मीं कॅमेरा डोळ्याला लावला. बराच वेळ झाला तरी तो हलेना. मग माझ्या लक्षांत आलं, कीं हा बसलेला नाहीं, हा अडकला आहे. आंत पिलं आहेत, आणि आम्ही दारांत उभे आहोंत."

"मग?"

"मग कॅमेरा खालीं घेतला आणि ओढ्याच्या पलीकडे जाऊन बसलों. बाकीच्यांनाहि हांक मारली. एक जण आला. बाकीचे हंसले. शेवटीं पावसाची मोठी सर आली, ते निघून गेले, आणि तो आंत गेला. मग मीहि निघालों."

"सापसुरळी केवढी होती रे?"

त्यानें बोटांनीं माप दाखविलें. मग आजीस तें दिसणार नाहीं हें आठवून, त्यांचा हात हातांत घेऊन करंगळीवर तें माप ठेविलें. "एवढ्याशा चोंचींत एवढी?" म्हणून मातोश्री हंसल्या, आणि कित्येक आठवड्यांनंतर तोहि हंसला. अर्धा तास दोघांचें बोलणें चाललें होतें. मी ऐकत होतों आणि मनांतल्या मनांत खजील होत होतों.

तो दहावा दिवस माझ्या तिन्ही वर्गांत बसत नाहीं. चित्र हातांशीं आलें असतां ज्या दिवशीं तें घेतलें नाहीं, असा तो दिवस. त्याच्यासाठीं चौथा वर्ग पाडावा लागतो. आणि त्यांतली अडचण अशी कीं, बाहेरून पाहणारास हा दिवस इतर रिकाम्या दिवसांसारखाच दिसतो. मुलगा भिजून घरीं येतो, हात रिकामे असतात, आणि विचारलें तर "कांहीं नाहीं" म्हणतो.

वन्य पक्ष्यांच्या घरट्यांस उपद्रव देणें हें १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकारींत मोडतें. पण मला कायद्याहून दुसरीच गोष्ट अधिक टोंचली. त्या वेली तोडणारा मनुष्य दुष्टच असेल असें नाहीं. तोहि कदाचित् दहा दिवस रिकाम्या हातांनीं घरीं गेला असेल, आणि त्यालाहि दारांत कोणीतरी विचारलें असेल, "काय मिळालें?" निराशेनें मनुष्य काम सोडतो, हा तिचा एक तोटा आहे, पण तिच्यापायीं तो न करण्यासारखें करावयास तयार होतो, हा त्याहून मोठा तोटा आहे. आमच्या पुतण्यानें काम सोडलें, पण वेल तोडली नाहीं. आणि मीं त्यास पेट्रोलाचा हिशेब विचारला होता!

ह्या व्यवसायांत असलेल्या तरुणांस, गेल्या दोन महिन्यांच्या अनुभवावरून, दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. एक टिपणवही ठेवावी. तींत दिवस, स्थळ, वेळ, प्रकाश कसा होता, आणि डोळ्यांनीं काय पाहिलें, हें चार ओळींत लिहावें. चित्र न मिळण्याचें कारण दैव, साधन, मन ह्यांपैकीं कोणतें, अथवा चित्र आपणच सोडलें काय, हें शेवटीं एका शब्दांत नोंदवावें. पुतण्यानें ती सुरू केली आहे. पहिल्याच महिन्यांत त्यास दिसून आलें कीं, ज्याला तो दैव म्हणे त्यांतले कांहीं दिवस साधनाचे होते. दुसरें असें कीं, निराशेच्या संध्याकाळीं एकहि चित्र पुसून टाकूं नये. आठ दिवसांनीं पाहावें. त्या संध्याकाळीं आपण चित्राचें परीक्षण करीत नसतों, दिवसाचा राग काढीत असतों. आणि रान हुकलें तर घराजवळ पाहावें. आमच्या कळंबोलीस सृष्टिसौंदर्य बेताचेंच. पण पाऊस पडून गेल्यावर लोखंडबाजारांत रचलेल्या पत्र्याच्या गुंडाळ्यांवर मावळतीचें ऊन पडतें, आणि मालमोटारीखालीं स्टोव्ह पेटवून परप्रांतींचा चालक पोळ्या भाजीत असतो. तींहि चित्रेंच आहेत.

घरांतील वडील माणसांस मात्र एकच सांगणें आहे. मूल दारांत येतांच "काय मिळालें?" असें न विचारतां "काय पाहिलेंस?" असें विचारावें. पहिल्या प्रश्नास "कांहीं नाहीं" हें उत्तर पुष्कळ दिवशीं खरें असतें. दुसऱ्यास तें सहसा खरें नसतें.

दुसऱ्या दिवशीं, दसऱ्यास, सोनें वाटण्यासाठीं देवघरांत गेलों तों चौरंगावर माझ्या रूपावलीशेजारीं कॅमेरा ठेवलेला होता, आणि त्यास हळदकुंकू लागलें होतें. तो तेथें कोणी ठेविला, हें मीं विचारलें नाहीं.

आतां लग्नसराई तोंडावर आली आहे. कामाला जुंपण्यापूर्वीं दोन-चार दिवस मोकळे आहेत, म्हणून खाडीवर रोहित पक्षी यावयास लागले कीं नाहीं तें पाहण्यास पुतण्या आज पहाटेच गेला आहे. मातोश्रींनीं सकाळपासून दोनदां विचारलें, "आला का रे?" मीहि गॅलरींतच बसून हें लिहीत आहें. वर्तमानपत्र आज अद्याप उघडलेलें नाहीं.